विदूषकामागची जागा

बादलीबाईला त्या विदूषकाचा राग होता. तो मरून सव्वाशे वर्षं होऊन गेली होती, तिने त्याला ना कधी पाहिलं ना ऐकलं; पण राग म्हणाल तर असा, की सख्ख्या जावेचाही कुणाला येणार नाही. सकाळी त्याच्या कबरीवर पाणी ओतताना ती रोज एकदा "मेला!" म्हणायचीच. नवरा एकदा म्हणाला, "अगं, मेलेल्याला मेला म्हणून काय मिळतं तुला?" तर म्हणते, "जिवंत माणसाला म्हणत नाही, हेच नशीब समजा." त्यावर नवरा हसला. त्याला वाटलं, विनोद झाला.

ती कबरस्तानात दगड धुण्याच्या कामाला होती. तिला बादलीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून बादलीबाई. खरं नाव पगाराच्या दिवशी कारकून हाक मारायचा तेवढंच, आणि तेव्हाही ती एकदम 'ओ' द्यायची नाही. दगड धुणं ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल! साबण चालत नाही, तारेचा ब्रश चालत नाही, आम्लाचं तर नावच काढायचं नाही. शेवाळ आधी भिजत ठेवायचं, मऊ पडलं की लाकडी पट्टीने हलकेच उकलायचं, आणि अक्षरांच्या खाचांतून नरम ब्रश फिरवायचा, बाळाचे कान पुसावेत तसा. घाई केली की दगडाचा पापुद्रा सुटतो, आणि पापुद्र्याबरोबर माणसाचं नावही जातं. हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडायच्या. त्यात पाणी गेलं की ती ज्याची कबर असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तेवढाच कामाला वेग यायचा.

कबरस्तानात एक 'नटांचा कोपरा' होता. जुन्या काळी शेजारच्या रस्त्यावर नाटकगृहं होती, एकाला एक लागून, आणि तिथे नाव काढलेली माणसं मेल्यावर भिंत ओलांडून इकडे यायची. तिथे दोरीवरून चालणारा होता, पेटीतून निसटणारा जादूगार होता, दोन नवरे दोन बाजूंना घेऊन झोपलेली एक गायिका होती, तिच्याभोवती लोखंडी कठडा होता, आणि सगळ्यांच्या कडेला हा विदूषक. सुट्टीच्या दिवशी लोक ह्या कबरी बघायला यायचे. जिवंत नट बघायला तिकीट लागतं, मेलेले फुकट दिसतात. लोक येणारच की!

त्यांना फिरवून आणायचं काम बादलीबाईच्या नवऱ्याचं. तो मूळचा दरवान. फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा, आणि तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे बोलता बोलता आत घेऊन जायचा. होता होता दरवानाचा वाटाड्या झाला. लोक त्याला उस्ताद म्हणायला लागले, आणि ते त्याने मुळीच अंगाला लावून घेतलं नाही असं दाखवत पुरेपूर लावून घेतलं.

"हा बघा," तो दोरीवाल्याशी थांबून म्हणायचा, "जन्मभर दोन गच्च्यांच्या मधे दोरीवरून चालला, केसाला धक्का नाही. आणि मेला कसा? घरच्या जिन्यावरून पाय घसरून!" मंडळी हसायची. मग जादूगार. "हा प्रत्येक पेटीतून निसटला. ही शेवटची. हिच्यातून अजून निघालेला नाही, आम्ही वाट बघतोय." मग एखादा हौशी माणूस दगडावर टकटक करायचा आणि बायका "अगंबाई!" म्हणून मागे सरायच्या. गायिकेच्या दगडावर तरण्या मुली ओठांचे ठसे उमटवून जायच्या. ते लाल ठसे कोण पुसणार? बादलीबाई.

विदूषकाला उस्ताद शेवटी ठेवायचा. तिथे त्याचा आवाजच बदलायचा. "मंडळी, हा शेवटच्या खेळात छातीत कळ येऊन कोसळला. लोकांना वाटलं, गंमतच करतोय. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, असा कडकडाट झाला, आणि त्या कडकडाटात बिचारा गेला. त्याला त्या टाळ्या ऐकू गेल्या की नाही, कुणाला ठाऊक! म्हणून इथे आलं की एक टाळी त्याच्या नावाने वाजवायची." आणि लोक वाजवायचे. डोळे पुसत पुसत वाजवायचे.

हे पहिल्यांदा झालं तेव्हा बादलीबाई पलीकडेच उकिडवी बसून शेवाळ काढत होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "अहो, ते टाळ्यांचं कुठे वाचलंत?"

"वाचलं कुठे? सुचलं."

"आणि लोक रडले?"

"रडले म्हणजे! एक बाई तर हुंदके देत होती." त्याचा चेहरा इतका फुलला होता की तिने पुढे काही विचारलं नाही. तिने पाणी तापत ठेवलं आणि भेगांना तेल लावत बसली.

आता त्या टाळ्यांचा तिला एवढा राग का, ते सांगायला हवं. विदूषकाच्या मागे तिची लेक होती.

चिमी. सात वर्षांची असताना तापाने गेली. आठवडाभर अंगाची लाही लाही, आणि मग एका सकाळी अंग थंड लागलं; आईला वाटलं, उतरला ताप. ह्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि बादलीबाईने कधी कुणाला सांगितलंही नाही. लहान मुलांना कबरस्तानाच्या उताराकडे पुरायचे. तिथे पाणी साचायचं. तेव्हा उस्तादाने, म्हणजे त्या वेळच्या दरवानाने, जुन्या साहेबांचे पाय धरले आणि नटांच्या कोपऱ्यात, विदूषकाच्या पाठीमागे, हातभर जागा मागून घेतली. बायकोला म्हणाला, "तिकडे कायम झाडलोट असते. मोठ्या माणसांच्या शेजारी आहे, उद्या कुणी हात लावणार नाही." कबरस्तानात उभं आयुष्य काढलेला माणूस तो, त्याचा हिशोब असा होता. आणि तिला तो पटला.

त्याने गवंड्याकडे जाऊन एक छोटा पांढरा दगडही पसंत केला होता. तिने तो परत धाडला.

"दिवसभर लोकांचे धोंडे घासते मी," ती म्हणाली. "कलतात, फुटतात, शेवाळतात, आणि शेवटी त्यांच्यावरचं नावही राहत नाही. माझ्या लेकीच्या उरावर धोंडा नको. मोकळी राहू दे तिला."

तो बरं म्हणाला. तेव्हा तो तिचं सगळंच ऐकायचा, कारण दोघांनाही बोलायची ताकद नव्हती. मग तिथे नुसतं गवत वाढलं. कडेने तिने गोल पांढरे खडे लावले, एवढीच खूण. काम आटपलं की ती तिथे टेकायची. गप्पा मारायची म्हटलं तर लोक खुळ्यात काढतील, पण मारायची. मावशीकडे काय झालं, कारकुनाने आज काय घोळ घातला, असलंच काहीबाही. आणि तेवढ्यात पुढून टाळ्या व्हायच्या. पाठोपाठ कुणीतरी म्हणायचं, "किती सुंदर ना!" पोरीच्या उशाशी परकी माणसं टाळ्या पिटतायत, हे ज्या आईने ऐकलंय तिलाच तो राग कळेल. बाकीच्यांनी समजावायला येऊ नये.

उस्ताद सुरुवातीला यायचा. मग येईनासा झाला. "मला बघवत नाही गं," म्हणायचा. तिने कधी आग्रह केला नाही. उलट बहीण काही बोलली तर तीच त्याची बाजू घ्यायची: "बापाचं काळीज हळवं असतं, तुला नाही कळायचं." वर्षं गेली. रोज तो त्या विदूषकाच्या पुढ्यात उभा राहून लोकांना रडवायचा आणि दगडाला वळसा घालून चार पावलं मागे यायचा नाही. तिला त्यातही काही वावगं दिसलं नाही. बायका स्वतःला काय काय समजावतात!

मग नवा साहेब आला. तरुण, उत्साही, हातात कायम फोन. त्याने कोपऱ्याचे फोटो काढून कुठे कुठे टाकले आणि गर्दी वाढली. इतकी, की लोक टाळी वाजवायला कबरींवर चढायला लागले. साहेबाने ठरवलं, विदूषकासमोर फरशी घालायची, बाकडी टाकायची, उस्तादाला कोट द्यायचा आणि ध्वनिवर्धक द्यायचा. कोटाचं माप द्यायला गेला त्या दिवशी उस्ताद घरात असा वावरत होता, जशी काही त्याचीच वरात निघणार होती.

"फरशी समोरच ना?" बादलीबाईने विचारलं. "मागे नाही ना?"

"छे! मागे कशाला? लोक काय विदूषकाच्या पाठीला टाळ्या देणार?"

तिचा जीव भांड्यात पडला. भाचीचे दिवस भरले होते, बहिणीचा निरोपावर निरोप होता. ती निर्धास्त मनाने बाळंतपणाला निघून गेली. भाचीला मुलगी झाली. बाळाला अंघोळ घालताना तिने मान कशी धरायची ते सगळ्यांना दाखवलं, आणि बऱ्याच वर्षांनी ती चार माणसांत मनापासून हसली.

परत आली ती पिशवी घरात टाकून आधी कोपऱ्यात गेली. रोजच्या सवयीने विदूषकाला वळसा घातला आणि थबकली. तिला दगडावरची अक्षरं दिसत होती. मागच्या बाजूने अक्षरं कशी दिसतील? क्षणभर तिला वाटलं, आपणच चुकलो. मग कळलं, दगड फिरवलाय. समोरून फोटो काढला की विदूषकाच्या नावावर सावली यायची, म्हणून साहेबाने दगड उपटून, नव्या चौथऱ्यावर चढवून, उलट्या दिशेला बसवला होता. प्रेक्षक आता पलीकडे उभे राहणार. पलीकडे म्हणजे इकडे. गवत खरवडून काढलेलं होतं, गायिकेचा कठडा रंगवायला म्हणून उखडून नेला होता, खडी पसरून वरून रोलर फिरवला होता. सगळं कसं स्वच्छ, सपाट, पापडासारखं. पांढरे खडे कुठे असतील तर त्या खडीत.

ती किंचाळली वगैरे नाही. ती सरळ फाटकाशी गेली. उस्ताद नवा कोट घालून बसला होता.

"चिमीच्या जागेवर खडी कुणी टाकली?"

"चिमीच्या?" तो म्हणाला. "छे, काहीतरीच काय! ते तर मोकळं होतं. साहेबांनी विचारलं मागे काय आहे, मी म्हटलं काही नाही, मोकळंच आहे. चिमी तर तिकडे, त्या गाणारणीच्या पलीकडे..."

आणि तो थांबला. बायकोच्या तोंडाकडे बघून थांबला.

तर हे असं. चोरून केलं असतं, पैसे खाऊन केलं असतं, घाबरून केलं असतं, तर तिने त्याला धरून झोडपलं तरी असतं. ह्या माणसाने साहेबाला स्वतःच्या हाताने जागा दाखवली होती, इथून तिथपर्यंत, अगदी विश्वासाने. जादूगाराच्या तिसऱ्या बायकोचं माहेर कुठलं ते त्याला पाठ होतं. पोटची पोर कुठे पुरली, ते तो विसरला होता.

"विसरलात?" तिने विचारलं.

"अगं, इतकी वर्षं... तिथे काही दिसत नव्हतं गं. दगड असता तर कळलं नसतं का? तूच नको म्हणालीस दगड! मी आणला होता. मी पसंत करून आणला होता!" त्याचा आवाज चढला आणि फुटला.

हे मात्र खरं होतं, म्हणून जास्त लागलं. तीच म्हणाली होती, मोकळी राहू दे. त्याने तेवढा शब्द नेमका लक्षात ठेवला होता.

ती साहेबाकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नकाशा उलगडला. "बाई, इथे बघा, ही जागा मोकळी दाखवलीय."

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे दगड नाही ना. दगड नसला की आम्ही मोकळी धरतो." मग तो स्वतःच ओशाळला. "खाली कुणी हात लावलेला नाही, हे मी शब्द देऊन सांगतो. वरची माती तेवढी काढली. तुम्ही जागा दाखवा, तेवढा चौकोन मी फरशीतून वगळतो. दगडही कचेरीकडून बसवून देतो, छानसा. तुम्ही फक्त दाखवा."

फक्त दाखवा! दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आले, साहेब आला, उस्ताद कोट न घालता आला. सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले. बादलीबाई खडीवर आली. रोज ती जायची ती कशी? विदूषकाला वळसा घालायचा, कठड्याचा टोकाचा गज डाव्या हाताला ठेवायचा, आणि पायाला गवत लागलं की बसायचं. मोजलं कधी नव्हतं. आईला मोजायची काय गरज? आता विदूषक हलला होता, कठडा नव्हता, गवत नव्हतं. ती थोडी पुढे गेली, परत मागे आली. वाकून खडीत एखादा पांढरा खडा दिसतो का बघितलं. खडी सगळीच करडी-पांढरी होती. पायांना विचारलं, पायांनाही कळेना. नवऱ्याला ज्या गोष्टीसाठी ती कालपासून मनातल्या मनात फाडून खात होती, तीच आता तिच्या वाट्याला आली होती, एका रोलरने, चार दिवसांत. आणि हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. काय वाट्टेल ते झालं तरी त्याला कळू द्यायचं नव्हतं.

"बाई?" साहेब हळूच म्हणाला.

तिने बोट दाखवलं. "इथे."

"नक्की?"

"मी आई आहे तिची," ती म्हणाली. गवंड्याने चुन्याने चौकोन आखला.

उस्ताद त्या चौकोनाशी गुडघ्यांवर बसला आणि धाय मोकलून रडला. "चिमे, चुकलो गं बाळा, चुकलो," म्हणत खडीवर डोकं टेकलं. गवंड्यांनी तोंडं फिरवली, साहेबाने फोन खिशात घातला. बादलीबाई उभी राहून बघत होती. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं नाही. तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. ती बाकीच्या खडीकडे बघत होती, जिच्यावर उद्या फरशी येणार होती.

फरशी आली. बाकडी आली. चौकोनात छोटा पांढरा दगड आला, त्याच्यावर चिमीचं नाव आलं. उस्ताद आता रोज तिथे जायला लागला. आधी एकटा जायचा, मग मंडळींना घेऊन. सगळे फिरून झाले, विदूषक झाला, की ध्वनिवर्धक बाजूला ठेवायचा आणि साध्या आवाजात म्हणायचा, "आणि ही माझी लेक." लोकांच्या काळजाचं पाणी व्हायचं. ऐकणारा कितीही दगड असो, त्याला पाझर फुटायचा.

बादलीबाई नटांच्या कोपऱ्यातले सगळे दगड धुवायची. तो एक सोडून. फरशीवर ती पाय ठेवायची नाही, कडेकडेने जायची. लोक म्हणायचे, बाई जरा विक्षिप्तच आहेत.

एका संध्याकाळी उस्ताद घरी आला तो खुशीतच. "आज एका म्हातारीने चिमीसाठी फुलं ठेवली," त्याने सांगितलं. "पण दगडावर शेवाळ धरायला लागलंय गं. सगळ्यांचे धुतेस, आपल्या पोरीचा नाही धुवत?"

"तुम्ही धुवा."

"मला कुठे जमतं तसं? पापुद्रा निघाला तर?"

"निघू दे."

त्याने हातातला पेला खाली ठेवला. इतक्या वर्षांत बायकोच्या तोंडून दगडाबद्दल असं त्याने ऐकलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचा रंग उतरत गेला.

"अगं," तो म्हणाला, "ती तिथेच आहे ना?"

"तुम्हीच सांगा की," ती म्हणाली. "बाप तुम्ही."